हेमंतातील जलक्रीडा आणि वैद्याची सही

दिवाळीची सुट्टी आटोपली की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शाळांत सहलीची लगबग सुरू होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शालेय सहलींचा हंगाम होय. पूर्वी या सहली मार्कंडा, आनंदवन, ताडोबा, सेवाग्राम अशा ठिकाणी जात असत. आता त्यांत नागपूर परिसरातील वॉटर पार्कची भर पडली आहे. जलक्रीडेचे स्थान मुलांच्या आवडीचे असले, तरी त्यासाठी निवडला जाणारा काळ मात्र ऐन हेमंत-शिशिराचा असतो. सहलीपूर्वी विद्यार्थ्यांच्या आरोग्य प्रमाणपत्रांचा गठ्ठा बहुधा गावातील वैद्याच्याच मेजावर येतो. म्हणून हा विषय आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात असाच एक गठ्ठा आमच्याकडे आला. नाडी, जिव्हा, घसा व छाती तपासून एका दुपारी आम्ही चाळीसएक प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. सहल परतल्याच्या दुसऱ्या रात्री त्यांतीलच बारा वर्षांच्या एका मुलास घेऊन त्याचे आईवडील आले. मांड्या व पाठ यांत असह्य वेदना होत्या. शीतजलाने वातप्रकोप झाला, असे निदान करून आम्ही तेलाचा अभ्यंग, शेक व महारास्नादि काढा अशी योजना केली. पहाटे वेदना वाढल्या, ज्वर आला आणि कंदिलाच्या नव्हे, चांगल्या विजेच्या प्रकाशात पाहता नेत्रांचा पीतवर्ण स्पष्ट दिसला. तेव्हा कुठे आम्ही कुलवृत्त विचारले. आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, याच्या मोठ्या बहिणीला सिकल हाय. याची तपासणी राहूनच गेली.”

मुलास तत्काळ रुग्णालयात हलविले. शिरेवाटे द्रव व वेदनाशामक औषधे मिळाल्यावर पाच दिवसांनी तो सुखरूप घरी आला. परंतु त्याच्या ‘प्रकृती उत्तम’ या प्रमाणपत्रावर आमची सही होती, हे आम्ही विसरू शकलो नाही. निदानाचा पहिला प्रश्नच आम्ही विचारला नव्हता.

शास्त्राची भूमिका

जलक्रीडा आमच्या आचार्यांना अपरिचित नव्हती. अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात वाग्भटाचार्यांनी धारागृहाचे वर्णन केले आहे. पुतळ्यांच्या हातांतून व मुखांतून वाळ्याचे सुगंधी जल पडत आहे, अशा गृहात विश्रांती घ्यावी असे ते सांगतात. आजच्या वॉटर पार्कचे हे पूर्वरूपच म्हणावयास हरकत नाही. मात्र हे वर्णन ग्रीष्मचर्येत आले आहे, हेमंतचर्येत नाही.

हेमंतात बल उत्तम व अग्नी प्रबळ असतो, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. याच आधारावर “थंडीत मुले काटक होतात, भिजू द्या” असा युक्तिवाद काही पालक करतात. पण त्याच अध्यायात अभ्यंग, उत्सादन, मूर्ध्नितैल, आतपसेवन व उष्ण निवास यांचा उपदेश असून जोराचा वारा वर्ज्य सांगितला आहे. म्हणजे वाढलेले बल राखावयाचे असते, उधळावयाचे नसते. सुश्रुताचार्यांनी तर चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात, शीतकाळी अतिशीत जलाचे स्नान कफ व वात यांचा प्रकोप करते, असे स्पष्ट म्हटले आहे. बाल्यावस्था कफप्रधान आणि काळ शीत, त्यात हे निदान घडले तर प्रतिश्याय, कास, कर्णशूल यांची रांग लागणे स्वाभाविक आहे.

आणखी दोन सूत्रे लक्षात घ्यावीत. भोजनोत्तर स्नान तसेच पीनस, अतिसार, अजीर्ण व कर्णरोग असता स्नान वाग्भटांनी निषिद्ध मानले आहे. सहलीत मात्र डबा संपताच मुले पाण्यात उड्या घेतात. दुसरे असे की, शीत व उष्ण यांचे अक्रमाने सेवन हे चरकांच्या मते स्वेदवह स्रोतसाच्या दुष्टीचे कारण आहे. घसरगुंडीच्या जिन्यावर उन्हात धापा टाकीत चढणे आणि क्षणार्धात गार पाण्यात आदळणे, हा प्रकार दिवसभरात वीसपंचवीस वेळा होतो. अक्रमाचे याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

पाण्याचा स्वभाव

आमच्या भागात उन्हाळा ४७ अंशांपर्यंत तापतो, तर डिसेंबर-जानेवारीतील काही रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. दुपारचे ऊन मात्र कोवळे व सुखद असते. फसगत होते ती येथेच. हवा तापली तरी रात्रभर गारठलेला उथळ तलाव तितक्या लवकर तापत नाही. शिवाय कारंजी व घसरगुंड्यांवरून तुषाररूपाने उडणारे पाणी बाष्पीभवनामुळे अधिकच गार होते. तितक्याच तापमानाच्या हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. लहान मुलाच्या शरीराचे पृष्ठ वजनाच्या मानाने मोठे असल्याने ते मोठ्यांच्या आधी गारठते.

“मग आपले माघस्नान कसे?” असा आक्षेप येतो व तो रास्त आहे. परंतु वैनगंगेच्या काठी पहाटे स्नान करणारा भाविक डुबकी घेऊन बाहेर येतो, अंग कोरडे करतो, वस्त्र बदलतो आणि शेकोटीजवळ किंवा उन्हात बसतो. थंडीच्या पहाटे नदीचे वा विहिरीचे पाणी भोवतालच्या हवेहून पुष्कळदा उबदारही असते. दोन मिनिटांची डुबकी आणि तीन तासांचे भिजणे यांना एकच नियम लावता येत नाही. मात्रा बदलली की द्रव्याचा परिणाम बदलतो, हे औषधाप्रमाणेच स्नानासही लागू आहे.

आमच्या जिल्ह्यांचे विशेष

ज्या कारणाने हा लेख लिहावासा वाटला, ते कारण सिकलसेल होय. विदर्भाच्या पूर्व भागातील आदिवासी व अन्य अनेक समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा रुग्णाचे रक्तकण प्राणवायू कमी पडला की विळ्याच्या आकाराचे होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. गारठा, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे व संसर्ग ही वेदनेचा झटका आणणारी प्रमुख कारणे आहेत. हिवाळ्यातील वॉटर पार्कमध्ये यांतील पहिली तीन एकाच दिवशी एकत्र येतात, कारण पाण्यात खेळणाऱ्या मुलांना पाणी पिण्याचे भान राहत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे झाला. २०४७ पर्यंत या विकाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट असून ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. शासकीय यंत्रणा तपासणी करते, पण तपासणीचा निकाल प्रमाणपत्राच्या क्षणी विचारणे हे आपले काम आहे.

व्यवहारात काय करावे

प्रमाणपत्रापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मुलाची सिकलसेल तपासणी झाली आहे काय? घरात कोणास हा आजार आहे काय? पूर्वी हातापायांची सूज, वारंवार अंगदुखी, कावीळ किंवा रक्त चढविण्याचा प्रसंग आला आहे काय? शंका आल्यास सहीपूर्वी तपासणीस पाठवावे. केवळ वाहक असलेले मूल सामान्यतः निरोगी असते, त्यास सहलीपासून तोडू नये. रुग्ण मुलासही घरी बसवू नये. ते सोबत जावे, कोरड्या खेळात रमावे, वेळोवेळी कोमट पाणी प्यावे. गार पाण्यात मात्र उतरू नये. ही गोष्ट चारचौघांत न बोलता शिक्षकांच्या कानावर घालावी.

अन्य मुलांसाठी सकाळी तिळाच्या तेलाचा अभ्यंग, नाकात व कानात तेलाचे बोट, सोबत तीळगुळाचे लाडू, दुपारी ११ ते २ याच वेळेत पाणी, जेवणानंतर पाणी नाही, दर वीस मिनिटांनी बाहेर येऊन अंग पुसणे, आणि परतीपूर्वी सुके कपडे व सुंठीचा चहा, एवढे पथ्य पुरे.

झटक्याची शंका येताच अंग उबदार ठेवावे, पाणी पाजावे व रुग्णालयात पाठवावे. घाम आणणारे तीव्र स्वेदन, विरेचन वा उपवास यांनी शरीरातील द्रव घटतो. ते कटाक्षाने टाळावेत. ज्वर, छातीत वेदना व श्वास, वाढती प्लीहा, एका अंगाची दुर्बलता यांपैकी काहीही दिसल्यास काढा उकळत बसू नये.

औषधालयांच्या चालकांनाही विनंती आहे. सहलीहून परतलेल्या मुलासाठी कोणी अंगदुखीचे तेल वा गोळी मागितली, तर देण्यापूर्वी “सिकलची तपासणी झाली का?” एवढे विचारावे. त्या एका प्रश्नाने एखाद्या मुलाची रात्र वाचेल.

समारोप

त्या घटनेनंतर आम्ही शाळेत जाऊन आमची चूक सांगितली. मुख्याध्यापकांनी ती समजून घेतली. पुढील डिसेंबरात सहल मार्कंड्याची शिल्पे व कमलापूरचे हत्ती पाहण्यास गेली आणि जलक्रीडेचा बेत परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवला गेला. तो मुलगाही हत्ती पाहून आला. त्या वर्षीच्या प्रमाणपत्रांना आम्हांस एका दुपारीऐवजी तीन दिवस लागले. त्यांत दोन मुले तपासणीत नव्याने आढळली. ती आजही आमच्याकडे पाठपुराव्यासाठी येतात.