वरचे सहाशे चाळीस किलो

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं गेट. सकाळचे सव्वानऊ. तळेगाव चौकातून कसाबसा सुटून आलेला आयशर वजनकाट्यावरून उतरलाय आणि चार पावलं पुढे येऊन थांबलाय. गाडीत ईएन-8 चे 32 मिलिमीटरचे गोल बार, सहा-सहा मीटर लांबीचे. काट्यावर माल भरतो 4,640 किलो. सिक्युरिटीच्या कॉम्प्युटरवर मात्र या पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, 4,000 किलोच शिल्लक दिसतात. पाच टक्के वर चालतात, म्हणजे 4,200. त्यापुढे सिस्टिम गेट एन्ट्री घेतच नाही. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, खाली उतरतो आणि पाण्याची बाटली भरायला निघतो. असल्या थांब्यांची त्याला सवय आहे.

वर पहिल्या मजल्यावर, परचेसमध्ये, फोन वाजतो. इथे टेबलं मालाच्या नावानं ओळखली जातात: स्टील, कास्टिंग, बॉट-आउट, कन्झ्युमेबल. घासाघीस बघायला मिळेल म्हणून मी स्टीलच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसलोय. स्टीलच्या मॅडम रिसीव्हर खांद्यात दाबून कॅलक्युलेटर पुढे घेतात. "बार किती आहेत ते मोजून सांगा." उत्तर येतं, 122. बत्तीसचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला 6.32 किलो. सहा मीटरचा एक बार 37.9 किलोचा. गुणिले 122. पडद्यावर आकडा उमटतो 4,627. काट्याशी फरक तेरा किलोंचा.

"वजन बरोबर आहे," फोन ठेवत त्या म्हणतात. "डीलरला बंडल फोडायचा कंटाळा. अख्खी बंडलं चढवली आणि झाला मोकळा."

एवढ्यात प्लॅनिंगचा मुलगा दारात. "मॅडम, दुपारी दोनला दोन मशीन रिकाम्या पडतील. गाडी गेटवर उभी आहे म्हणे?"

"उभी आहे. 640 किलो जास्त आहे. तू इंडेंट दे, मी अमेंडमेंट करते."

"मला चारच टन लागतात. स्टॉक वाढला की महिनाअखेरीला साहेब मलाच उभं करतात."

"आणि इंडेंटशिवाय घेतलं तर मला."

दोघंही खरं बोलतायत. मॅडमना माल घेण्याचा अधिकार आहे, मागण्याचा नाही. मागणी, म्हणजे इंडेंट, प्लॅनिंगची. तिकडे खाली स्टोअर्सचे भाऊ माथाडींना घेऊन तयार आहेत, क्रेनही मोकळी आहे, पण ते बंडलाला हात लावणार नाहीत. मॅडम त्यांना फोन करून बघतात. "भाऊ, उतरवून तर घ्या, कागद येतोच आहे." पलीकडून शांत आवाज येतो: "कागद आला की दहा मिनिटांत उतरवतो."

बाहेरच्याला हा सगळा लालफितीचा खेळ वाटेल. पण मागणारा एक, विकत घेणारा दुसरा, उतरवून घेणारा तिसरा आणि पैसे देणारा चौथा, ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. चौघांनी एकमेकांना थोडं अडवावं हाच तिचा हेतू. चारही कामं एकाच्या हातात गेली की न आलेल्या मालाची बिलं निघायला फार दिवस लागत नाहीत. खरेदी खात्यातला माणूस म्हटलं की लोक पाकिटाची गोष्ट काढतात. इथल्या भिंतीवरही भेटवस्तू स्वीकारल्या जात नाहीत अशी पाटी आहे. माझा पाटीपेक्षा स्टोअर्सच्या भाऊंच्या हट्टावर जास्त विश्वास बसतो.

तोडगा शेवटी प्लॅनिंगच्याच मुलाला सुचतो. पुढच्या आठवड्याच्या गरजेतले 640 किलो तो या आठवड्यात ओढतो आणि तेवढाच इंडेंट टाकतो. मॅडम पीओ अमेंड करतात. मंजुरी परचेसच्या साहेबांची. ते काचेच्या केबिनमधून स्क्रीनवर नजर टाकतात आणि मान्यता देण्याआधी एकच प्रश्न विचारतात, "रेट जुनाच ना?" जुनाच आहे. पावणेअकराला आयशर आत जातो.

तोवर कन्झ्युमेबलच्या टेबलावर वेगळंच चाललंय. हा पोरगा दोन वर्षं कास्टिंग बघत होता, आता त्याला हँडग्लोव्हज, इन्सर्ट आणि कूलंटवर आणलंय. एका व्हेंडरशी एकाच माणसाची फार वर्षं गाठ राहू नये म्हणून टेबलं फिरवतात. कूलंटची तीन कोटेशन्स समोर ठेवून तो कम्पॅरेटिव्ह बनवतोय. एकाचा दर लिटरला 176 रुपये, दुसऱ्याचा 190, तिसऱ्याचा 182 पण भाडं वेगळं आणि पैसे आगाऊ. मी म्हणतो, 176 वाला सोपा दिसतो. तो हसतो आणि पेन्सिलीनं मांडून दाखवतो. 176 वाला पाण्यात सात टक्के घालावा लागतो, 190 वाला पाचच टक्क्यांत चालतो. शंभर लिटर मिश्रणाला पहिल्याचे 1,232 रुपये, दुसऱ्याचे 950. "हे शॉपवर रिफ्रॅक्टोमीटर लावून, ट्रायल घेऊन काढलंय," तो सांगतो. "कोटेशनवर हे कोणी लिहीत नाही." जीएसटी त्यानं तुलनेत धरलेलाच नाही, कारण त्याचं क्रेडिट परत मिळतं. भाडं मात्र धरलंय, उधारीचे दिवसही धरलेत. 190 च्या ओळीवर खूण करून तो कागद साहेबांकडे पाठवतो.

मेंटेनन्सचा फिटर हात पुसत येतो. 6205 बेअरिंग गेलंय, मशीन बंद आहे, इंडेंट नंतर देतो, आणि बेअरिंग अमुकच कंपनीचं पाहिजे. पोरगा पहिल्या तीन गोष्टी ऐकून घेतो, चौथीला थांबतो. "25 बाय 52 बाय 15 लिहून दे, आणि क्लिअरन्स लिहून दे. कंपनी मी बघतो." फिटर कुरकुरतो. त्याचंही चूक नाही, रात्रपाळीत मशीन पुन्हा बसली तर शिव्या त्यालाच. शेवटी मंजूर यादीतल्या दोन कंपन्यांवर समझोता होतो आणि पेटी कॅशमधून माणूस भोसरीला रवाना होतो. व्हेंडर डेव्हलपमेंटचा इंजिनिअर आज तिकडेच आहे, प्लेटिंगवाल्याकडे. एका फोननं त्यालाच कळवून बेअरिंग मागवता आलं असतं, असं मी सुचवतो. "तो व्हेंडर शोधतो, तपासतो. खरेदी त्यानं करायची नाही," उत्तर तयार असतं.

अकरा वाजून गेलेत. खाली आलो तर स्टील उतरलंय, पण मशीनवर गेलेलं नाही. इनकमिंग क्वालिटीची मुलगी एकेका बंडलाचा पत्र्याचा बिल्ला चिमट्यानं सरळ करून हीट नंबर वाचते आणि हातातल्या टेस्ट सर्टिफिकेटशी ताडून बघते. तिसऱ्या बंडलाचा बिल्लाच नाही. बारच्या तोंडावरचा रंग बाकीच्यांसारखाच आहे, पण रंगावर ती सही करत नाही. त्या बंडलाला पिवळं लेबल लागतं, एका बारचा तुकडा कापून स्पेक्ट्रो तपासणीला जातो. उरलेल्यांना हिरवं. प्लॅनिंगचा मुलगा हिरव्या लेबलांची बेरीज करतो आणि त्याचा चेहरा सैल पडतो. दोनच्या दोन्ही मशीन निघतात एवढं आहे. भाऊ मान्य मालाची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, पाडतात, पिवळ्याची थांबवतात.

दुपारी परचेसमध्ये भोसरीच्या टी ब्लॉकमधले एक काका येऊन बसतात. स्वतःच्या शेडमध्ये बुश टर्न करून देतात. हातात प्लास्टिकची फाइल. त्यांचं बिल अकाउंट्सनं अडवलंय. तिथे पीओ, जीआरएन आणि बिल असे तीन कागद शेजारी ठेवतात आणि तिन्हींवर माल, नग आणि दर जुळले तरच पैसे सुटतात. नग जुळतात, 18,000. दर जुळत नाही. पीओवर 11 रुपये 60 पैसे, बिलावर 12.

"मॅडम, तुम्ही फोनवर हो म्हणाला होता. स्टील वाढलं तेव्हा."

मॅडम नाकारत नाहीत. हो म्हणाल्या होत्या, अमेंडमेंट काढायची राहिली. अकाउंट्सच्या साहेबांना बोलावलं जातं. ते सरळ विचारतात, "फोन मी बिलाला कुठे जोडू?"

पूर्वी असं बिल महिना-महिना पडून राहायचं. आता अकाउंट्सलाच घाई आहे. काका उद्यम नोंदणीतले उत्पादक, सूक्ष्म गटातले. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत त्यांचे पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे कलम बरीच वर्षं पुस्तकातच राहिलं. धार आली ती 2023-24 या आर्थिक वर्षापासून, आयकरात 43बी(एच) आल्यावर: मुदत उलटली की ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. सकाळच्या स्टील डीलरला हे संरक्षण नाही, तो व्यापारी. काकांना आहे, आणि काकांना ते माहीत आहे. फाइलमधून उद्यमचा कागद त्यांनी आधीच वर काढून ठेवलाय.

"असं करू," अकाउंट्सचे साहेब म्हणतात. "11.60 नं बिल आज पास करतो. अमेंडमेंट आली की फरकाची डेबिट नोट पाठवा, पुढच्या पेमेंटला देतो."

काका बोटांवर हिशोब करतात. 40 पैसे गुणिले 18,000. सात हजार दोनशे. "डेबिट नोट काढतो. पण अमेंडमेंट आज हातात द्या. पुढचा लॉट त्याच दरानं टाकणार मी."

मॅडम कीबोर्डकडे वळतात. दर बदलतात, कारण लिहितात, तारीख घालतात, मंजुरीला पाठवतात. स्क्रीनवर येतं: साहेबांच्या मान्यतेसाठी प्रलंबित. काचेची केबिन रिकामी आहे. साहेब खाली शॉर्टेज मीटिंगला गेलेत.

"कधी सुटतील?"

"त्यांनाच माहीत नसतं, काका. चहा सांगू?"

"आधी अमेंडमेंट," काका फाइल मांडीवर सरळ करून घेतात. "चहा नंतर."