काटा टायरातच राहतो!

दोंडाईच्याच्या आजूबाजूला शेतरस्त्यानं सायकल चालवणाऱ्याचा खरा वैरी खड्डा नव्हे, वेडी बाभूळ! परवा ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे आले तिथं ठिगळ लावलं, हवा भरली. अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा फुस्स. काट्याचं टोक टायरातच मोडून बसलेलं. आता ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवतो. काटा असेल तिथं अडकते. बोट फिरवू नका, माझं रक्त निघालंय.

पॅन्टची मोरी चेनमध्ये गुंतते, म्हणून उजव्या पायाला कपड्यांचा चिमटा. लोक हसतात, हसू देत.

आणि सुरत-भुसावळ लाइनचं फाटक ओलांडताना रूळ तिरपे घेऊ नका. चाक रुळालगतच्या फटीत गेलं की आपण आडवे! काटकोनात ओलांडा, पावसात तर उतरून ढकलतच न्या.