एक चाल, नाना गळे

धृपद अकरा मात्रांचं, आणि तरीही गाणं जगभर लोकांच्या ओठांवर! संगीतकार बर्ट बॅकरॅकचं ‘आय से अ लिटल प्रेयर’ लावा आणि हातानं टाळी धरून मोजत जा. धृपद आलं की चार, मग तीन, मग पुन्हा चार. पॉपच्या कानाला सरळ चार-चारची सवय. इथे मधेच एक मात्रा गळते आणि पुढचा शब्द आपण धरलेल्या जागेच्या आधीच येऊन पडतो. गाण्यातली बाई सकाळी उठून आवरते आहे, केस विंचरते आहे, कामावर निघाली आहे आणि सगळ्या धांदलीत आपल्या माणसासाठी प्रार्थना करते आहे. तिची लगबग शब्दांत आहेच, पण मला ती जास्त ऐकू येते त्या गळलेल्या मात्रेत. मोजलं नाही तर कळतही नाही, नुसतं जाणवतं.

शब्द हॅल डेव्हिडचे. १९६७ मध्ये हे गाणं डिऑन वॉरविकच्या आवाजात आलं आणि गाजलं. बॅकरॅकचं मात्र समाधान झालं नव्हतं. लय फार घाईची झाली, असं त्याला वाटत राहिलं. पुढच्याच वर्षी अरीथा फ्रँकलिननं तेच गाणं घेतलं. तिनं धृपदाचे शब्द मागे गाणाऱ्या बायकांना देऊन टाकले आणि स्वतः त्यांच्या मधल्या जागांतून उत्तरं देत राहिली, कधी पुढे धावून, कधी रेंगाळून. गॉस्पेल गायनातली सवाल-जबाबाची ही रीत. मागे गाणाऱ्या ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’मध्ये होती सिसी ह्यूस्टन, म्हणजे डिऑन वॉरविकची मावशी! अकरा मात्रा मात्र होत्या तशाच राहिल्या. हे गाणं आपल्या मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा सरस झालं, असं बॅकरॅक स्वतः मोकळेपणानं सांगायचा.

आणि हा बॅकरॅक काही ढिलं सोडणारा माणूस नव्हता. जाझवर त्याचा जीव, दारियुस मियो या फ्रेंच संगीतकाराकडे त्यानं शिक्षण घेतलेलं, पुढे मार्लेना डीट्रिखच्या कार्यक्रमांचं संगीत सांभाळलेलं. कुठल्या वाद्यानं कुठे श्वास घ्यायचा, इथपर्यंत त्याचं लक्ष. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सिला ब्लॅककडून ‘अ‍ॅल्फी’ गाऊन घेताना त्यानं टेकमागून टेक घेतले; निर्माता होता बीटल्सचा जॉर्ज मार्टिन.

इतक्या काटेकोर चाली दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर मोडायला हव्या होत्या. झालं उलटंच. ख्यालात बंदिशीचा मुखडा पक्का असला की गवई कितीही लांब हिंडून समेवर येऊ शकतो, तसं काहीसं इथे घडतं. गाण्याचं दुःख किंवा आर्जव बॅकरॅकनं गायकाच्या मर्जीवर सोडलेलंच नाही. स्वर कुठे उंच उडी घेतो, कुठे अनपेक्षित थांबतो, खालची स्वरसंगती कुठे कूस बदलते, यातच ते बांधलेलं आहे. मग वाद्यं बदला, लय बदला, ते जागचं हलत नाही.

सगळ्यात थक्क करतं ते ‘वॉक ऑन बाय’. प्रेम तुटलेली बाई सांगते आहे की रस्त्यात दिसलेच तर तसाच पुढे निघून जा, माझे अश्रू बघू नकोस. १९६४ साली आलेल्या ध्वनिमुद्रणात वॉरविक हे तीन मिनिटांच्या आत संपवते. आवाज कुठेही फुटू देत नाही. उसनं अवसान आणून ताठ उभी राहिल्यासारखी गाते. १९६९ मध्ये आयझॅक हेजनं तेच गाणं बारा मिनिटांचं केलं. आधी व्हायोलिनांचा मोठा ताफा, करकरणारी गिटार, जड पावलांनी उतरणारा बेस. बराच वेळ आवाज येतच नाही. येतो तेव्हा तो खर्जातला, दमलेला. वॉरविकनं लपवलेलं सगळं हेज चव्हाट्यावर मांडतो आणि चाल तेवढंही ओझं पेलते. १९७८ मध्ये स्ट्रँगलर्स या इंग्लिश पंक मंडळींनी त्याच गाण्यात ऑर्गनचं लांबलचक वादन घातलं. त्यात दुःखापेक्षा घुस्साच जास्त, आणि तोही शोभतो.

लूथर वँड्रॉसनं १९८१ मध्ये ‘अ हाउस इज नॉट अ होम’ सात मिनिटं आळवलं. व्हाइट स्ट्राइप्सनं २००३ मध्ये डस्टी स्प्रिंगफील्डनं गाजवलेलं बॅकरॅकचंच एक गाणं फक्त गिटार आणि ड्रमवर पेललं. ‘क्लोज टू यू’ तर १९६३ मध्ये रिचर्ड चेंबरलेन या नटानं आधी गायलं होतं. त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९७० मध्ये कॅरेन कार्पेंटरच्या गळ्यात ते पडलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

सगळेच प्रयोग साधतात असं नाही. ज्यांनी आडवळणाच्या मात्रा सपाट करून, सगळं गुळगुळीत करून गायलं, त्यांची गाणी हॉटेलातल्या पार्श्वसंगीतापलीकडे जात नाहीत. हवी ती मोडतोड करा, पण चालीची वळणं राखा, हे या गाण्यांचं एकच मागणं दिसतं.

ऐकायचंच असेल तर ‘वॉक ऑन बाय’पासून सुरुवात करा. आधी वॉरविक, मग हेज, मग स्ट्रँगलर्स, लागोपाठ आणि शक्यतो हेडफोन लावून. नंतर डोजा कॅटचं ‘पेंट द टाउन रेड’ लावा. त्यात वॉरविकच्या त्याच ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरलेला आहे. बॅकरॅक फेब्रुवारी २०२३ मध्ये, ९४ व्या वर्षी गेला. वॉरविकचं ‘वॉक ऑन बाय’ १९६४ मध्ये अमेरिकेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं होतं. डोजा कॅटचं गाणं त्याच यादीत २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पहिलं आलं.