खर्ड्याला एकदा जाऊन या

मैत्रिणींनो, आम्हा आष्टीकडच्या बायकांचे घराबाहेर पडणे म्हणजे लग्नकार्य, नाहीतर नवस. नुसते बघायला म्हणून कुठे जायचे म्हटले, की घरातले विचारणारच, "तिथं काय ठेवलंय?"

जामखेडवरून पुढे खर्डा लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव आष्टीहून एका दिवसात निवांत बघून होते. एकेकाळची ही मोठी पेठ. एकोणिसाव्या शतकातही इथे 500हून अधिक व्यापारी, दुकानदार आणि सावकार होते. बालाघाटावरचे धान्य नि कापड इथून पुण्याकडे जायचे. जनावरांचा बाजारही नावाजलेला. शक्यतो आठवडी बाजाराचा दिवस साधा, म्हणजे जुन्या पेठेचा अंदाज येईल.

गावाबाहेरचा भुईकोट किल्ला अठराव्या शतकाच्या मध्यावर निजामाचे सरदार निंबाळकर यांनी बांधला. घडीव दगडाचा तट, भक्कम दरवाजा. 2021 साली इथे उंच भगवा ध्वज उभारला, तो लांबूनच दिसतो.

मी मुलांना इतिहास शिकवते. पुस्तकात खर्ड्याची लढाई दोन ओळींत आटोपते: मार्च 1795, मराठे जिंकले, निजाम हरला. पण तो हरला कसा, हे तटाच्या आत उभे राहिल्यावर कळते. सवाई माधवराव पेशवे वीस वर्षांचे, कारभार नाना फडणीसांचा. शिंदे, होळकर, भोसले असे सगळे एकत्र आलेले. रात्री निजाम मागे हटून या किल्ल्याच्या आसऱ्याला आला. बरोबर जनानखानाही होता, बरं का! मराठ्यांनी वेढा घातला आणि आत दाणावैरण, पाणी संपत आले. आत विहीर आहे, पण एका विहिरीवर एवढी माणसे, हत्ती, घोडे, बैल कसे भागणार? शेवटी निजामाने तह केला. दौलताबादच्या किल्ल्यासह मुलूख दिला.

टँकरच्या मागे कळशी घेऊन धावलेल्या बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको. त्या जनानखान्यातल्या बायकांनी ते दिवस कसे काढले असतील, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले दिसत नाही.

आणखी एक गंमत. 1947पर्यंत खर्डा इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात होते, तर आपली आष्टी 1948पर्यंत निजामाच्या राज्यात. म्हणजे आपल्या आजीला खर्ड्याच्या बाजाराला जायचे तर राज्य ओलांडून जावे लागे.

वेळ असेल तर जामखेड तालुक्यातलेच चौंडी बघा. अहिल्याबाई होळकरांचा जन्म तिथे 1725 साली झाला. खर्ड्याची लढाई झाली त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, त्या गेल्या.

उन्हाळा टाळा; दिवाळीनंतर जा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिवसभर टिकते. पाणी मात्र घरूनच भरपूर घ्या, आणि विहिरीजवळ मुलांचा हात सोडू नका.