डोल, प्रोफेशन टॅक्स आणि आमचे काका



२०१८ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. वेंटवर्थव्हिलला एका काकांकडे आम्ही सात-आठ जण जेवायला जमलो होतो. (काका म्हणजे नात्याचे नव्हेत. सिडनीत पंचवीस-तीस वर्षं काढलेले सगळेच आपले काका.) गप्पा घरांच्या किमतींवरून टॅक्सवर आल्या आणि टॅक्सवरून 'डोल'वर, म्हणजे बेकारभत्त्यावर. मी तेव्हा भलताच फॉर्मात होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक पन्नाशीचा गोरा राहायचा. सकाळी मी स्टेशनकडे पळत असायचो तेव्हा हा बाल्कनीत निवांत सिगरेट ओढत बसलेला. "मी ६:२५ ची गाडी पकडतो ती याच्या सिगरेटचे पैसे भरायला," असं मी म्हणालो आणि सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली आणि क्रिकेटचा विषय काढला.

त्यानंतर दीड वर्षाने मी स्वतः डोलवर होतो.

आधी थोडं या भत्त्याबद्दल, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात (माझ्याही होतं) अमेरिकेचं चित्र असतं. तिकडे तो विम्यासारखा प्रकार आहे. आधीच्या पगाराच्या प्रमाणात पैसे मिळतात आणि काही महिन्यांनी बंद होतात. ऑस्ट्रेलियात १९४५ पासून हे पैसे सरळ सरकारी तिजोरीतून, म्हणजे सगळ्यांच्या करातून दिले जातात. तुमचा पगार पन्नास हजार असो की दीड लाख, भत्ता तोच. जोडीदाराची कमाई आणि मालमत्ता बघून तो कापला जातो. ठराविक मुदत नाही, पण दर पंधरवड्याला कमाईचा हिशोब द्यायचा आणि नोकरी शोधतोय हे दाखवायचं. १९९१ पासून याचं नाव होतं न्यूस्टार्ट, २० मार्च २०२० पासून झालं जॉबसीकर. लोकांच्या तोंडी मात्र डोलच. आणि तो घेणारा 'डोल ब्लजर', म्हणजे फुकटखाऊ. ही शिवी १९७० च्या दशकात इथल्या पेपरांनी घरोघरी पोचवली.

या बाबतीत आपण देशी लोक गोऱ्यांपेक्षा कडक. आपण पॉइंट मोजून, आयईएलटीएस देऊन आलेले ना! त्यात सरकारही आपल्याला या भत्त्यापासून लांबच ठेवतं. नव्या पीआरवाल्याने किती थांबायचं, तर १९९३ पासून ६ महिने, १९९७ पासून २ वर्षं आणि १ जानेवारी २०१९ पासून तब्बल ४ वर्षं. त्यामुळे "आम्ही कधी एक डॉलर घेतला नाही" असं आपण छाती काढून म्हणतो, त्यात बाणा किती आणि नियम किती, हे तपासून बघायला हवं.

तर २०२०. सोमवार, २३ मार्च. दुपारपासून पब, जिम बंद, कॅफेंना फक्त पार्सल. त्या दिवशी सेंटरलिंकच्या ऑफिसांबाहेर कोपरा वळून लांब गेलेल्या रांगा टीव्हीवर तुम्हीही पाहिल्या असतील. मायगव्हची वेबसाइट कोलमडली. मंत्री स्टुअर्ट रॉबर्ट आधी म्हणाले की सायबर हल्ला झाला. मग त्याच दिवशी कबूल करावं लागलं की हल्लाबिल्ला काही नाही, एका वेळी ५५,००० लोकांची क्षमता होती आणि ९५,००० आले. आम्ही ऑफिसच्या चॅटवर यावर भरपूर विनोद केले. लोड टेस्टिंग कुणी केलं वगैरे वगैरे.

तीन आठवड्यांनी माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. प्रवास कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो, विमानं जमिनीवर, पुढचं कॉन्ट्रॅक्ट कुठून येणार? 'जॉबकीपर' योजना होती, पण ती ज्यांची नोकरी टिकली त्यांच्यासाठी. बायको आठवड्यातून दोन दिवस काम करायची, मुलगी तीन वर्षांची, घरभाडं आठवड्याला ४३० डॉलर. बायको म्हणाली, "अरे, अर्ज करून टाक." मी म्हणालो, "बचत आहे, बघू." मिरजेला बाबांना फोनवर सांगितलं, सध्या घरूनच काम चालू आहे. खोटं बोलायला वर्क फ्रॉम होमइतकी चांगली सोय नाही :-)

एप्रिलच्या शेवटी काकांचा फोन आला. बायकोने काकूंना सांगितलं असणार. इकडचं तिकडचं नाही, थेट प्रश्न.

"अर्ज केलास का?"

मी पुन्हा बचतीचं पालुपद सुरू केलं.

"हे बघ, मी अकरा महिने डोल घेतलाय," काका म्हणाले. "१९९१ च्या जानेवारीत आलो. कीटिंग म्हणाले होते ना, ही मंदी यायलाच हवी होती, तीच ती. पिंपरीत नऊ वर्षं डाय डिझाइन केलेला माणूस मी, आणि इथे कारखानेच बंद होत होते. दर पंधरा दिवसांनी फॉर्म भरून सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात नेऊन द्यायचा. तुझी काकू म्हणायची, फॉर्म शर्टाच्या आत घाला, खिशातून दिसतोय. आईला पत्रात लिहायचो, ट्रेनिंग चालू आहे."

मला काय बोलावं कळेना. मग म्हणालो, "काका, त्या दिवशी जेवताना मी..."

"हो, काकू तेव्हा किचनमध्ये होती. तुम्ही गेल्यावर तिने भांडी जरा जोरात घासली. ते राहू दे. तू आधी अर्ज कर. पैसे अर्जाच्या तारखेपासून मिळतात, तुझी लाज संपेल त्या तारखेपासून नाही."

अर्ज केला. मी २०१९ चा पीआर, म्हणजे नियमाने चार वर्षं थांबायला हवं होतं, पण कोविडसाठी ती अट मार्च २०२१ पर्यंत उठवली होती. तात्पुरत्या व्हिसावाल्यांना यातलं काही नव्हतं. दीड वर्ष आधी मीही त्यांच्यातलाच होतो. स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पाहुण्यांनी आता मायदेशी जावं, असं ३ एप्रिलला पंतप्रधान मॉरिसन म्हणाले. मुलं रेस्टॉरंटमधल्या कामावर जगणारी. रेस्टॉरंट बंद, विमानंही बंद, जायचं कसं?

एकट्या माणसाचा मूळ भत्ता तेव्हा पंधरवड्याला ५६५.७० डॉलर होता, दिवसाला चाळीस. जोडप्यातल्या माणसाला त्याहून कमी. महागाईचा हिशोब सोडला तर १९९४ पासून त्यात वाढ नव्हती. २७ एप्रिल २०२० पासून त्यावर ५५० डॉलरचा कोरोना पूरक भत्ता सुरू झाला, म्हणजे जवळजवळ दुप्पट. गंमत बघा, पगारदार मध्यमवर्ग रांगेत आला आणि रातोरात सरकारला कळलं की चाळीस डॉलरमध्ये दिवस निघत नाही! मार्च २०२१ च्या अखेरीस तो पूरक भत्ता संपला आणि मूळ दरात वाढ झाली पंधरवड्याला ५० डॉलरची. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आणखी ४०.

दर पंधरवड्याचा हिशोब कसा भरायचा हे मला शिकवलं तळमजल्यावरच्या त्याच शेजाऱ्याने, बाल्कनीतून. बावीस वर्षं गोदामात फोर्कलिफ्ट चालवलेली, मग पाठीचं ऑपरेशन. महिन्याला वीस-वीस अर्ज करत होता. "हातात आलेला आकडा लिहू नकोस, कर कापायच्या आधीचा लिही," तो म्हणाला, "आणि प्रत्येक पेस्लिप सात वर्षं जपून ठेव." मी विचारलं, सात वर्षं कशाला? तर म्हणाला, "रोबोडेट."

हे प्रकरण मी बातम्यांत वरवर वाचलं होतं. आता नीट वाचलं आणि आपल्याच व्यवसायाची लाज वाटली. लॉजिक असं: कर खात्याकडून माणसाची वर्षाची कमाई घ्यायची आणि तिला २६ पंधरवड्यांनी भागायचं. समजा एकाने सहा महिने नोकरीत १३,००० डॉलर कमावले आणि पुढचे सहा महिने बेकार म्हणून भत्ता घेतला. १३,००० भागिले २६ बरोबर ५००. सिस्टिम म्हणते, बेकार असतानाही तू दर पंधरवड्याला ५०० कमावत होतास, भत्ता परत कर! नाही कमावले हे सिद्ध करायचं काम त्या माणसाचं, तेही पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पेस्लिप शोधून. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हे केलं असतं तर सरांनी जर्नल फेकून दिलं असतं. सरासरी म्हणजे प्रत्यक्ष नोंद नव्हे, एवढं साधं आहे. पण २०१६ पासून हेच यंत्र देशभर चाललं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अशी वसुली बेकायदा असल्याचं कोर्टात मान्य करावं लागलं. मे २०२० मध्ये ४,७०,००० वसुल्यांचे ७२ कोटी १० लाख डॉलर परत करायचं सरकारने जाहीर केलं. जुलै २०२३ मध्ये कॅथरिन होम्स यांच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला. ही योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती असं त्यात स्पष्ट आहे. काही आयांनी कमिशनपुढे येऊन आपल्या मुलांच्या आत्महत्यांबद्दल सांगितलं. इतकी वर्षं हे खपलं कसं? माझ्या मते उत्तर आमच्या त्या जेवणाच्या टेबलावर आहे. 'ते फुकटेच असतात' हे आधी ठरलेलं असलं की कोड कोण तपासतो?

बाबांना खरं सांगितलं ते जुलैत. मला वाटलं, गप्प होतील. ते म्हणाले, "अरे, आजी बहात्तरच्या दुष्काळात जतला खडी फोडायला जायची. मी चौदा वर्षांचा होतो, सुकडी मिळते म्हणून मीही जायचो. त्याला आपण कधी भीक म्हटलं का?"

मी म्हणालो, बाबा, पण आजी काम करत होती.

"काम! आम्ही फोडलेली खडी कुठल्या रस्त्याला गेली ते मी काही पाहिलं नाही. पुढच्या वर्षीही ढीग तिथेच होता."

मग मी वाचत बसलो (वेळ भरपूर होता). विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ मध्ये जाहीर झाली. सुरुवातीची वर्षं सरकारी दुष्काळी कामांतच गेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि देता आलं नाही तर बेकारभत्ता. पैसा कुठून आणायचा? तर १९७५ मध्ये शहरी पगारदारांवर प्रोफेशन टॅक्स बसवला. आठवतोय ना? दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. हिंजवडीच्या माझ्या पहिल्या पेस्लिपवर तो होता आणि "हे कसले दोनशे कापतात" म्हणून मी एचआरला विचारलंही होतं. त्या पोरीलाही माहीत नव्हतं. म्हणजे मी २००९ पासून कुणाच्या तरी आजीच्या कामाचे पैसे भरत होतो, आणि कुणी मला त्याबद्दल फुशारकी मारायला शिकवलं नव्हतं.

नोकरी मिळाली नोव्हेंबरमध्ये, ८७ व्या अर्जाला. सुरुवातीला दिवसाला पाच अर्ज ठोकत होतो, सगळीकडे तोच रेझ्युमे. उत्तरच नाही. मधल्या काळात सुपरमार्केटच्या गोदामात रात्रपाळी केली. ती रेझ्युमेवर लिहावी की नाही यावर घरात वाद झाला. लिहिली. इंटरव्ह्यूतल्या बाईने पहिला प्रश्न त्याच ओळीवर विचारला, कारण तिचा नवरा तेव्हा तेच करत होता. नशीब म्हणा. पण एप्रिल ते नोव्हेंबरची रिकामी जागा झाकायची धडपड केली असती, तर त्या पंचेचाळीस मिनिटांत मी कोडबद्दल काहीच धड बोललो नसतो, हे नक्की.

कोविडची ढील आता इतिहासजमा आहे. चार वर्षांची अट परत आली. जुलै २०२२ पासून 'वर्कफोर्स ऑस्ट्रेलिया'त अर्जांऐवजी महिन्याला १०० पॉइंटचं लक्ष्य असतं. आणि आपल्या लोकांसाठी खास: जोडप्याची हाताशी बचत ११,००० डॉलर किंवा वर असेल तर १३ आठवड्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि नोकरी जाताना कंपनीने दिलेली रक्कमही हिशोबात धरतात. म्हणूनच बचत संपायची वाट बघत अर्ज लांबवू नका.

२०२३ पासून आयटीत पुन्हा माणसं कमी होताहेत. आमच्या गटग-मंडळींतले तिघे आतापर्यंत माझ्याकडे फॉर्म घेऊन बसले. एक तर गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत आला. तिघांचाही पहिला प्रश्न एकच, आणि तो पॉइंटचा किंवा पैशांचा नव्हता.

"कुणाला कळणार तर नाही ना?"

मी चहा टाकतो आणि विचारतो, पेस्लिप आणल्यास का?