ताण सोसणारा भुईमूग कसा ओळखायचा?

लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४००० मि.मी. पाऊस पडतो, तेथून साठेक किलोमीटरवरच्या पुण्यात जेमतेम ७०० मि.मी. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा औद्योगिक पट्टा याच उतरत्या पावसाच्या वाटेवर आहे. या पट्ट्यातल्या एखाद्या हलक्या जमिनीत भुईमूग पेरला आणि पावसाने तीन आठवडे ओढ दिली, तर कोणता वाण तगेल?

प्रश्न सोपा वाटतो. पण ‘तगेल’ या शब्दातच खरी मेख आहे. पर्णरंध्रे लवकर मिटून घेणारे झाड हिरवे राहते. मात्र रंध्रे मिटली की पाणी बाहेर जायचे थांबते, तसाच कार्बन डायऑक्साइडही आत यायचा थांबतो. झाड जगते, पण शेंगा भरत नाहीत. शेतकऱ्याला तर भरलेली शेंग हवी असते.

जॉन पॅसिउरा या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९७७ साली गव्हाच्या संदर्भात एक सुटसुटीत मांडणी केली. उत्पन्न म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार : झाडाने जमिनीतून ओढून पानांवाटे सोडलेले पाणी, दर लिटर पाण्यामागे तयार झालेले कोरडे वजन, आणि त्या वजनातला दाण्यांचा वाटा. भुईमुगालाही हे लागू पडते.

ताण केव्हा पडला, हेही महत्त्वाचे. फुलोऱ्यापूर्वीचा हलका ताण फारसा बाधत नाही. उलट नंतर पाणी मिळताच फुले एकदम येतात आणि कधीकधी उत्पन्न वाढते. पुढचा ताण मात्र महागात पडतो. वरचा थर वाळून कडक झाला की आऱ्या जमिनीत शिरत नाहीत. शिवाय शेंग आपले कॅल्शियम भोवतालच्या ओल्या मातीतूनच थेट घेते. माती कोरडी असेल तर शेंगा पोचट राहतात. अखेरच्या ताणात अॅफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशीही फावते.

मग चाचणी कशी घेतात? हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’मध्ये (स्थापना १९७२) पावसाळ्यानंतरच्या कोरड्या हंगामात तुषार सिंचनाची एकच ओळ टाकून प्रयोग झाले. ओळीजवळ भरपूर पाणी, दूर जावे तसे कमी. प्रत्येक वाण ओळीपासून दूरपर्यंत पेरला, की पाणी घटत जाताना त्याचे उत्पन्न किती वेगाने घसरते ते एकाच शेतात दिसते. दुसरा मार्ग म्हणजे ताण पडण्याआधीच पक्व होणारा वाण निवडणे. २००६ साली आंध्रात प्रसारित झालेला आयसीजीव्ही ९१११४ हा असाच लवकर येणारा वाण आहे.

गुणाकारातली दुसरी संख्या शाळेतही मोजता येईल. भोके नसलेल्या सारख्या डब्यांत सारखी माती भरून दोन वाणांची रोपे वाढवा. मातीचा पृष्ठभाग प्लॅस्टिकने झाका, म्हणजे पाणी पानांवाटेच जाईल. रोज डबा तोला, घटलेल्या वजनाएवढे पाणी घाला आणि नोंद ठेवा. महिन्याने रोपे मुळांसकट धुऊन, वाळवून तोला. कोरड्या वजनाला एकूण पाण्याने भागा. प्रत्येक वाणाचे निदान पाच डबे हवेत. एकाच डब्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

डब्यात जिंकलेला वाण शेतात जिंकेलच असे नाही. डब्यात मुळांना खोल जायला जागा नसते आणि शेंगांचा वाटाही आपण मोजलेला नसतो. तीनपैकी दोन संख्या अजून बाकी आहेत, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले तर प्रयोग सार्थकी लागला.