वडिलांच्या बंदुकीचा दस्ता



आपल्या भागात ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपासून ऊस आहे, अशा काही घरांत अजून एखादी जुनी बारा बोअरची बंदूक असते. कुणाची बर्मिंगहॅमची, कुणाची देशी बनावटीची. आमच्या घरीही एक दुनळी आहे. वडिलांनी ती घेतली तेव्हा शिकारीचा जमाना होता. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकार थांबली. ते चांगलेच झाले. त्यानंतर वडील रात्री उसाला पाणी धरायला जाताना बंदूक बरोबर नेत, पण सोबत म्हणूनच. आजही रानडुकरांनी ऊस लोळवला तरी रीतसर परवानगीशिवाय त्यांच्यावर बार टाकता येत नाही, हे सभासदांनी ध्यानात ठेवावे.

वडील वारले तेव्हा बंदूक आम्ही ठाण्यात जमा केली. परवाना बापाचा असला तरी तो मुलाच्या नावावर आपोआप येत नाही. वारसाला स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो, आणि तो हाती येईपर्यंत हत्यार घरात ठेवणे गुन्हा आहे. माझे कागद पुरे होईपर्यंत दोन पावसाळे गेले. बंदूक घरी आणली तेव्हा नळ्या तेलाने शाबूत होत्या, पण दस्त्याची दशा बघवेना. वरचे पॉलिश पांढरे पडून पोपडे धरलेले, बुरशीचे ठिपके, आणि लोखंडाला लागून असलेला भाग तर कोळशासारखा काळा.

थोरल्या चिरंजिवाने लगेच तोडगा काढला. म्हणाला, "नाना, घासायचं मशीन आणतो. तासाभरात नवी करून टाकतो." मी हो म्हणणारच होतो. पण त्याच दिवशी आमच्या गावचे जुने सुतार आबा दाराच्या चौकटीच्या कामाला आले होते. वयाची पंचाहत्तरी उलटलेली, पण नजर तीच. त्यांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारले, "दादा, हिला नवी करायची हाय का बरी करायची हाय?"

मला काही बोलता आले नाही. मग त्यांनीच दाखवले. दस्त्याच्या गालाकडच्या बाजूला एक उथळ, गुळगुळीत झीज होती. चाळीस वर्षे वडिलांचा गाल तिथे टेकला होता. "मशीन लावशील तर हे बी जाईल," आबा म्हणाले. मशीन आणायचे तिथेच रद्द झाले.

आधी बंदूक रिकामी

पुढचे काम आबांच्या सांगण्यावरून मी स्वतःच केले. सगळ्यात आधी बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे आरपार पाहिले आणि बोटानेही चाचपले. काडतुसे वेगळ्या खोलीत कुलपात ठेवली. मग पुढची लाकडी पट्टी आणि नळ्या उतरवून बाजूला ठेवल्या. चापाच्या पेटीचे स्क्रू मात्र सोडायचे नाहीत. त्यांच्या खाचा नाजूक असतात, आणि आतल्या यंत्राची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेच करायची असते. आपले काम लाकडापुरते. लोखंडाला चिकटपट्टी गुंडाळून घेतली.

जुने पॉलिश कोणते?

दस्ता अक्रोडाचा. हे लाकूड हलके, चिवट आणि एकदा नीट वाळले की सहसा न वाकणारे, म्हणून बंदुकीला तेच वापरतात. त्यावरचे पॉलिश लाखेचे की तेलाचे हे आधी ओळखावे लागते. कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावून न दिसणाऱ्या जागी टेकवले. पृष्ठभाग चिकट झाला, म्हणजे लाखेचे पॉलिश. लाखेला ओल सोसत नाही, ती पांढरी पडते. आमच्या दस्त्याचे दुखणे हेच होते. स्पिरिटच्याच फडक्याने थोडे थोडे पुसत सगळी लाख उतरवली. जाळीदार नक्षीच्या खाचांत जुना दात घासायचा ब्रश वापरला. तिथे पॉलिश पेपर चुकूनही लावू नये, खाचा बुजतात. आणि स्पिरिटचे काम चुलीपासून, विडीकाडीपासून दूर, मोकळ्या पडवीत करावे.

काळेपणाचे कारण आबांनी सांगितले तेव्हा आमचीच चूक कळली. वडील नळ्यांना सढळ हाताने तेल द्यायचे आणि बंदूक कोपऱ्यात नळ्या वर करून उभी ठेवायचे. ते तेल वर्षानुवर्षे खाली उतरून लाकडात मुरले. असे लाकूड काळे तर पडतेच, शिवाय मऊ होऊन बाराच्या धक्क्याने तडकते. त्यावर उपाय साधा निघाला. पांढऱ्या खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून त्याचा लेप दिला. वाळला की तो तेल ओढून पिवळा पडतो. मग झटकायचा आणि पुन्हा द्यायचा. आम्ही सात वेळा दिला. काळेपणा पुरता गेला नाही, पण लाकडाच्या रेषा दिसू लागल्या. तेव्हापासून बंदूक तेल देऊन झाल्यावर एक रात्र नळ्या खाली करून ठेवतो आणि तेलही थेंबानेच देतो.

पोचे आणि ओरखडे

लाकूड दबून पोचा पडला असेल तर तो वाफेने वर येतो. पोच्यावर ओल्या कापडाची घडी ठेवून तापलेल्या इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवायचे. वाफेने दबलेले तंतू फुगतात. दोन-तीन वेळा केले की बराच पोचा भरतो. जिथे लाकडाचा टवकाच उडाला आहे तिथे मात्र वाफ काय करणार? तिथे काही भरून निघत नाही. वाफेनंतर दस्ता सावलीत पुरा एक दिवस वाळू दिला.

मग अगदी बारीक पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने. लोखंडाला लागून असलेल्या कडांना हात लावायचा नाही. नव्या बंदुकीत लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर ठेवलेले असते. ते घासून खाली गेले की परत आणता येत नाही. गालाच्या झिजेवर तर मी पेपर लावलाच नाही.

जवसाचे तेल

शेवटचे काम जवसाच्या तेलाचे. घाण्याचे कच्चे तेल वाळायला फार दिवस लागतात, म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवस तेल घ्यावे. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात. ते स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. तळहातावर पाच-सहा थेंब घेऊन लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचे, उरलेले कोरड्या फडक्याने पुसायचे आणि एक दिवस थांबायचे. जाड थर दिला तर तो महिनाभर चिकटच राहतो. आम्ही मार्गशीर्षात, कोरड्या हवेत, दहा हात दिले.

सांभाळा, फडकी!

आता खरी सांगायची गोष्ट. तिसऱ्या दिवशी तेल पुसलेली फडकी मी चुरगाळून पाचटाशेजारच्या रिकाम्या पोत्यात टाकली आणि तोडीच्या टोळीकडे गेलो. रात्री सौभाग्यवतींनी उठवले, "अहो, कसला वास येतोय बघा." पोत्याला हात लावला तर गरम! फडकी ओढून काढली तर मधला बोळा तपकिरी होऊन धुमसत होता. कुणी काडी लावली नव्हती. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि तसे होताना उष्णता सोडते. फडके पसरलेले असेल तर ती निघून जाते. चुरगाळले की आतच साठते आणि कापड आपोआप पेट घेते. पलीकडे गोठा होता आणि त्यात दोन बैल व एक गाभण गाय बांधलेली होती. आणखी तासभर गेला असता तर काय झाले असते, हे लिहवत नाही.

ओल्या बगॅसचा ढीगही आतून तापून पेटू शकतो, हे कारखान्यावर काम केलेल्यांना ठाऊक आहे. फडक्यालाही तोच नियम धरावा. काम झाल्यावर प्रत्येक फडके उघड्यावर, सुटे सुटे वाळत घालावे किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे. खिडक्या, दारे, बैलगाडीची साटी, कशालाही जवस तेल लावणाऱ्या प्रत्येकाने हे घरातल्या लहानथोरांना सांगावे.

दस्ता आता मधासारखा तांबूस दिसतो. लोखंडाजवळ थोडी काळी सावली राहिली आहे, तीन टवके तसेच आहेत. आबा येऊन बघून गेले. "बरी झाली," एवढेच म्हणाले. मी बंदूक खांद्याला लावली तर गाल बरोबर त्या झिजेत बसला. चिरंजीव शेजारी उभा होता. त्याने दस्त्यावरून हात फिरवला आणि मशीनचे नाव परत काढले नाही.

— एक ऊस उत्पादक सभासद